तीन लुगडी आणि गावरान डे

संपदानं विहिरीच्या कठड्याला हात घातला आणि विहीर हलली. पुठ्ठ्याचीच होती. आतल्या बादलीसकट ती डावीकडे कलली आणि शेजारच्या चुलीवर, म्हणजे लाल बल्ब ठेवलेल्या तीन विटांवर जाऊन टेकली.

"संपदाताई, विहीर आहे ती," दिवाकरकाका स्टेजवरून म्हणाले.

"माहीत आहे, काका. तिला गुंडाळलेलं लुगडं माझ्या सासूबाईंचं आहे. साडेचारला त्यांची कळवणची गाडी आहे."

"परीक्षक यायचेत अजून. लुगडं काढलं तर खोका दिसेल ना फ्रीजचा."

"दिसू दे."

तिनं भराभर गुंडाळी सोडवली. चॉकलेटी लुगडं, तीन ठिकाणी सेलोटेप, एका ठिकाणी स्टेपलरची पिन. सव्वातीन वाजले होते. सकाळी दहाचा कार्यक्रम अडीचला सुरू झाला होता, कारण भाड्यानं आणलेला बैल पार्किंगच्या उतारावर अडून बसला होता.

सोसायटीला डे साजरे करायची सवय चौथ्या मजल्यावरच्या स्वरदानं लावली. सुपरहिरो डेला मुखवटा घालून दूध आणायला गेलेल्या दिवाकरकाकांना वॉचमन लखननं पाऊण तास गेटबाहेर उभं केलं. ते सोसायटीचे सेक्रेटरी, पण मुखवटा काढायला तयार नव्हते, फोटो बाकी होता म्हणून. कोरियन डेला सगळ्यांनी काड्यांनी पोहे खाल्ले; शेंगदाणे क्लबहाउसच्या सोफ्यात अजून सापडतात. आणि आज गावरान डे. गंगापूर रोडवरच्या सात मजल्यांनी मिळून एक खेडं उभं केलं होतं, आणि त्या खेड्याला संपदाच्या घरातून माल गेला होता.

गुरुवारी स्वरदा आली तेव्हा सासूबाई, म्हणजे साळूबाई, आत गाऊन घालून मेथी निवडत बसल्या होत्या. संपदानं त्यांची पिशवी उघडली आणि न विचारता तिन्ही लुगडी देऊन टाकली. रविवारी एकपर्यंत परत, असं ठरलं होतं. त्यातलं हिरवं तर नवंकोरं होतं. उद्या साळूबाईंच्या बहिणीच्या नातवाची हळद, आणि त्या घरात वडीलधारी आता साळूबाईच.

"दुसरं कुठंय काका? निळ्या चौकड्यांचं?"

काकांनी मान न हलवता फक्त डोळे वर नेले. त्यांच्या डोक्यावर सुपाएवढा फेटा होता. निळ्या चौकड्यांचा.

"नऊ वार डोक्याला बांधलेत तुम्ही?"

"कापायचं नाही म्हणाली ना स्वरदा. मग सगळंच बसवलं. सकाळपासून मान वळत नाहीये."

"सोडा."

"मला टोक सापडत नाही."

टोक तिला सापडलं. मग काका खांबासारखे उभे राहिले आणि ती लुगडं हातावर घेत त्यांच्याभोवती फिरत राहिली. लोकांना वाटलं कार्यक्रमच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी बोहल्यावर चढा म्हणालं. अकराव्या फेरीला काकांचं टक्कल दिसलं.

फिरता फिरता तिला आठवत होतं. लग्नानंतर सासूबाई पहिल्यांदा इथं आल्या, तेव्हा लिफ्टमध्ये बायका त्यांच्या लुगड्याकडे बघून हसल्या होत्या. त्या संध्याकाळी संपदा म्हणाली होती, "आई, इथं गाऊन घालत जा. सुटसुटीत असतो." घरात गाऊन, बाहेर लुगडं, असं चालू झालं. या खेपेला मात्र त्या चष्म्याचा नंबर काढायला डॉक्टरकडेसुद्धा गाऊनवर, खांद्यावर टॉवेल टाकून निघाल्या.

"आई, लुगडं नेसा ना. डॉक्टरकडे जायचंय."

"डोळ्याचा डॉक्टर हाय ना? लुगड्याचा थोडाच हाय."

हा टोमणा आहे हे संपदाला कळलं होतं. सहा वर्षांनी, व्याजासकट. वर मंगळवारची गाडी बुधवारवर गेली, बुधवारची आजवर. विचारलं की म्हणायच्या, "जाईन गं. हाकलती का काय?"

दोन लुगडी काखेत मारून ती स्टेजपाशी आली तोवर परीक्षक आलेले होते. अस्सल गावरान स्त्री म्हणून स्वरदाचं नाव पुकारलं गेलं. हिरवं लुगडं, नाकात नथ, डोळ्यांवर गॉगल. ती वर गेली तीच मुळी दोन पायऱ्या एकदम चढून. नवख्या बाईला नेसलेल्या लुगड्यात असं चढता येत नाही, हे संपदाला कळायला हवं होतं.

"स्वरदा, ते सोड. गाडी आहे त्यांची."

"सोड काय, काढते की. एका मिनिटात निघतं." स्वरदानं कंबरेपाशी बोट घालून इलॅस्टिक ताणून दाखवलं. "शिवून घेतली मी नऊवारी. कॉलेज रोडचा टेलर. खिसा पण दिलाय बघ, मोबाइलला."

"शिवली?"

"मला कुठे नेसता येते गं? फार नाही कापली त्यानं."

"स्वरदा, ते लुगडं माझं नव्हतं."

"अगं, तूच म्हणालीस ना, आई आता नेसतच नाहीत, गाऊनच घालतात. मला वाटलं, पडूनच आहे."

संपदा म्हणाली होती तसं. हसून म्हणाली होती.

स्वरदानं खरोखरच एका मिनिटात बदललं. वर बक्षिसाचा मातीचा माठही तिच्या हातात दिला. "हा त्यांना दे. खरं तर त्यांचाच आहे." माठाच्या तळाला भोक होतं. शोभेचा होता.

साळूबाई पलंगावर बसल्या होत्या. अंगात गाऊन, मांडीवर जवळजवळ रिकामी पिशवी. चार वाजायला दहा मिनिटं होती.

संपदानं तिन्ही लुगडी समोर ठेवली आणि ती बोलत सुटली. विहीर, फेटा, टेलर, सगळं. मी नवीन घेऊन देते, उद्या सकाळी हळदीच्या आधी मी स्वतः घेऊन येते, गाडी काढते, आत्ता हे चॉकलेटी नेसा, एवढंसं स्टेपल झालंय, दिसणार नाही.

"माठ कशाला आणलाय?"

"बक्षीस आहे."

"कशाचं?"

"लुगडं नेसल्याचं."

साळूबाईंनी माठ उलटा केला, भोकातून खिडकीकडे बघितलं आणि तो खाली ठेवला.

मग त्या उठल्या. संपदानं चॉकलेटी लुगडं उलगडून त्यांच्या हातात दिलं. गाऊनवरूनच त्यांनी ते कंबरेला धरून बघितलं, डाव्या हातानं निऱ्या जमवल्या आणि कासोट्याचं टोक मागं न्यायला उजवा हात वळवला. हात कंबरेच्या हाडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. साळूबाईंचा ओठ दाताखाली गेला. क्षणभरानं तोच हात कानामागचा केस सारखा करायला वर निघाला. तोही खांद्याच्या वर गेला नाही.

"आई, हाताला काय झालंय?"

"काय नाय. दिवाळीपासून जरा धरलाय."

"मग गावाला कसं नेसता?"

"भागीबाई येती ना सकाळची."

शेजारची भागीबाई रोज सकाळी चहाला येते, हे फोनवर कितीदा सांगून झालं होतं. म्हातारीला चहाचा एवढा कसला शौक, असं संपदा नवऱ्याला, संतोषला, म्हणालीही होती.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला कुठं येतंय नेसवायला." आवाजात राग नव्हता. त्यांनी चॉकलेटी लुगडं पलंगावर ठेवलं आणि हिरवं उचललं. खिडकीपाशी नेऊन शिवण बघितली, इलॅस्टिक दोनदा ताणलं, खिशात हात घालून तळ चाचपला. कापलेल्या कडेवर त्यांचा अंगठा थोडा वेळ फिरत राहिला.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "बाहेरून."

संपदा पॅसेजमध्ये उभी राहिली. खालून माइकवर कुणीतरी बैलाच्या मालकाला ताबडतोब पार्किंगमध्ये बोलावत होतं. तिनं दाराला कान लावला नाही, पण फार लांबही गेली नाही. मदतीला हाक येईल म्हणून थांबली. हाक आली नाही.

दार उघडलं तेव्हा साळूबाई तयार होत्या. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, नवा चष्मा. कासोटा जिथल्या तिथं. त्या पलंगापासून दारापर्यंत चालल्या, वळल्या, परत गेल्या आणि पुन्हा आल्या, कुणी बघत नसल्यासारख्या.

"चला आई, अर्धा तासच राहिलाय," संपदानं त्यांच्या उजव्या हातातली पिशवी काढून घेतली. हलकी लागली. आत फक्त चोळ्या आणि औषधं होती. तिनं मागं पाहिलं. चॉकलेटी आणि निळं लुगडं पलंगावर घडी करून ठेवलेलं होतं.

"ही राहिली की."

"राहू दे. तुझ्या त्या टेलरकडं दे."

लिफ्ट आली. आत त्या पुठ्ठ्याच्या गावातल्या तीन बाया, डोक्यावर स्टीलच्या कळश्या घेऊन. त्यांनी साळूबाईंच्या लुगड्याकडे बघितलं आणि सरकून जागा दिली. साळूबाईंनी तिकिटाचे पैसे ठेवायला खिशाकडे हात नेला. खिसा उजव्या बाजूला होता. डावा हात पोटावरून पलीकडे घालून त्यांनी कशीबशी नोट आत सारली.

"आणि त्याला सांग," लिफ्टचं दार लागता लागता त्या म्हणाल्या, "खिसा डाव्या अंगाला."