ओढणीच्या टोकातला खिळा

तृप्ती जालन्यातल्या एका तपासणी केंद्रात एमआरआयचं यंत्र चालवायची. तिला पाचवा महिना लागला होता. मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच गर्भ गेला, तेव्हापासून घरात एकच बोलणं: त्या यंत्रातल्या लोहचुंबकानं खाल्लं. या खेपेला काही झालं तर नोकरी सोडायची, असं नवऱ्यानं, कल्याणनं, तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"आत्याबाई, चुंबक पोटातल्या लेकराला बाधतं असं आजवर कुणाला दिसलेलं न्हाई," ती सासूला सांगायची. "तरी तपासणी चालू असताना मी खोलीबाहेरच असते."

"दिसलं न्हाई म्हणून बाधत न्हाई व्हय?" चतुराबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या. "मागच्या टायमालाबी हेच सांगून राह्यली होतीस."

मागचा गर्भ का गेला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.

त्या सोमवारी तिनं तपासणीला आलेल्या भुजंग गुरुजींना नेहमीचे प्रश्न विचारले. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, अंगात कुठे धातू? सगळं काढून घेतलं आणि त्यांना आत नेऊन झोपवलं. यंत्र थांबलेलं असलं तरी चुंबक कधीच थांबत नाही, हे ती रोज दहा जणांना सांगायची. उशी सारखी करायला ती वाकली, तशी ओढणी कुणी हिसकावी तशी ताणली गेली. टोक फाटलं. गुरुजी कण्हले. त्यांची भुवई चिरली होती, आणि यंत्राच्या तोंडाशी घोड्याच्या नालेचा खिळा चिकटून बसला होता.

भुवईला चार टाके पडले.

"सगळ्यांना विचारता, तुम्हाला कोण विचारणार?" केंद्राचे डॉक्टर म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

घरी तिनं फाटलेली ओढणी सासूपुढे ठेवली.

"खिळा मीच काल रातच्याला शिवला होता, लेकराला बाधा होऊ नये म्हणून. सांगितलं अस्तं तर तू काढून टाकला अस्ता," चतुराबाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "बघ, चुंबकानं खिळा वढला. खिळा नस्ता तर लेकरू वढलं अस्तं."

तृप्तीनं कल्याणकडे पाहिलं.

"आईचं बराबर हाय," तो म्हणाला. "लेकरू तर वाचलं."

चतुराबाईंनी डब्यातून दुसरा खिळा काढला आणि सुई तिच्यापुढे धरली.

"मला दिसत न्हाई. जरा दोरा ओवून दे."

तृप्तीनं दोरा ओवून दिला.