परत एकदा पडा

वडूजच्या पूर्वेला, माळावरच्या गावात धनाजीचं गजी मंडळ होतं, धनगरी नाचाचं. अकरा माणसं, दोन ढोल, एक सनई आणि कैताळं, म्हणजे मोठ्या झांजा. पांढरे घोळदार झगे घालून, हातातले रुमाल उडवत फेर धरणारी ही माणसं एरवी मेंढरांमागं नाहीतर शेतात असायची. बोलावणं यायचं ते जत्रेला, किंवा कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. म्हणून सांगलीचा दिग्विजय मोटार घेऊन दारात आला आणि आपली संस्था लोककलेसाठी काम करते म्हणाला, तेव्हा धनाजीला बरं वाटलं. निदान कुणीतरी गजीसाठी गजी बघायला आलं होतं.

दिग्विजयनं सांगितलं ते असं. खेळ मोबाइलवरून थेट दाखवायचा. बघणारे क्रिप्टोत देणगी देतात. तो पैसा हातात धरता येत नाही, मोबाइलवरच येतो-जातो. पण संस्था तो विकून रुपये करते आणि कलाकारांना देते. देणारे कुठं बसलेत, कोण आहेत, कळत नाही. धनाजीला यातलं निम्मंच उमगलं. तालमीला पत्र्याचं छप्पर आणि ढोलांना नवं कातडं मिळेल, एवढं उमगलं आणि त्यानं होकार दिला.

खेळ बिरोबाच्या देवळापुढं, दुपारी चारला ठरला. दिग्विजयबरोबर संस्थेतली समीक्षा आली होती. स्टँडवर लावलेल्या मोबाइलवर काय येतंय ते ती बघत होती. देणगी आली की मोबाइल टिंग वाजायचा. धनाजी ढोलावर होता. फेराच्या पुढं होता त्याचा थोरला चुलतभाऊ गुंडा, अडुसष्ट वर्षांचा. त्यानं गिरकी घेतली की झग्याचा घेर फुलायचा आणि त्याचं वय कुठल्या कुठं जायचं. अर्ध्या तासात मोबाइल चारदा वाजला.

मग गुंडाचा पाय झग्यात अडकला आणि तो तोंडावर आपटला.

मोबाइल वाजायला लागला तो थांबेना. धनाजीला वाटलं, लोकांना दया आली. गुंडा ओशाळं हसला, उठून फेरात शिरला. तेवढ्यात दिग्विजय पुढं येऊन त्याच्या कानाशी वाकला. "काका, तसंच परत एकदा पडा. लोकांना आवडलंय."

गुंडा पडला. थोड्या वेळानं आणखी एकदा पडला, तेव्हा गुडघ्यावरचं पांढरं कापड लाल झालं. समीक्षानं मोबाइलकडं पाठ फिरवली होती. ते बघून धनाजी ढोल वाजवत वाजवतच दोन पावलं पुढं सरकला आणि त्यानं स्क्रीनवर सरकणाऱ्या शेऱ्यांवर नजर टाकली. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण मराठी येत होतं. 'म्हाताऱ्याला अजून पाडा, दुप्पट देतो.' 'फेटा सुटला पाहिजे.' खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची रांग लागली होती. धनाजीनं ढोलाचं टिपरू खाली टाकलं.

त्याचा ढोल थांबला तसा दुसराही थांबला आणि फेर थांबला. गुंडा धापा टाकत वळला. घामावर चिकटलेल्या मातीनं त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं.

"वाजव की रं," तो म्हणाला. "लोकं देत्यात."

बघायला बसलेल्या बायकांतनं गुंडाची बायको बनाबाई उठली. कुणाकडं न बघता तिनं नवऱ्याचा हात धरला आणि त्याला घराकडं नेलं.

आठवड्यानं धनाजी एसटीनं सांगलीला गेला. दिग्विजयनं थंडगार खोलीत बसवून चहा मागवला, पेढा पुढं केला. गुंडाचं पडणं त्यांनी कापून, मागं गाणं लावून मोबाइलवर वेगळं टाकलं होतं. ते काढून टाका म्हणून धनाजीनं सांगितलं. दिग्विजय समजूत घातल्यासारखा बोलत राहिला. ज्यांनी देणगी दिली त्यांच्याकडं ते गेलंय, आता आपल्या हातात नाही. आणि गुंडाकाकांची तक्रार नाही, मग तुमची का?

"चांगलं नाचलेलं कोण बघत नाही हो," शेवटी तो म्हणाला. "कला जगवायची तर असंच करावं लागतं."

बोलताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला पेढ्याचा कण चिकटला होता. धनाजी त्या कणाकडंच बघत राहिला. त्यानं कप ठेवला, मंडळाचं नाव संस्थेतनं काढल्याचा कागद मागून सही केली आणि बाहेर येऊन गटारीवर ओकला.

गावात मंडळ फुटलं. छप्पर नको म्हणणारा हा कोण, असं सहाजण म्हणाले आणि दिग्विजयकडं गेले. गुंडा गेला नाही. त्याचा गुडघा वाकत नव्हता.

धनाजी त्याला बघायला गेला तेव्हा गुंडा झोपला होता. बनाबाई उंबऱ्यात मटकी निवडत होती. धनाजी पायरीवर टेकला. मग धनाजीनं मनातलं सांगून टाकलं.

"वैनी, त्यो सांगलीवाला गुंडादादाच्या कानाला लागला तवा मी जवळच हुतो. काय म्हनला ते मला ऐकू आलं हुतं. तरी मी वाजवत ऱ्हायलो."

बनाबाईचे हात थांबले नाहीत.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मी तवा तुमच्याकडंच बघत हुते, भावजी. कवा थांबताय म्हनून."

धनाजी उठायला गेला आणि परत बसला. बनाबाई सुपातले खडे वेचून अंगणात टाकत राहिली.