चाकाखालची जागा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. एवढे ऐकूनच तुमच्यातले निम्मे जण कंटाळून उठतील, याची मला कल्पना आहे. ठोकळ्याची कसली आली आहे गोष्ट! घड्याळ असतो, छत्री असतो, तर तुम्ही कौतुकाने कान दिले असते. ज्याला जायचे आहे त्याने खुशाल जावे. मी मात्र एकदा बसलो की हलत नाही, माझा स्वभावच तसा आहे.

सध्या माझा मुक्काम एका खाटेच्या पायाखाली आहे. माझा जुळा भाऊ दुसऱ्या पायाखाली. आम्ही दोघांनी मिळून खाटेची पायथ्याची बाजू उचलून धरली आहे. काम वाईट नाही. इथे कोरडे आहे, ऊन लागत नाही, येणाऱ्याजाणाऱ्याची ठोकर बसत नाही. तरीही खरे सांगतो, मला रस्त्याची फार आठवण येते. जुळ्यालाही येत असणार, पण तो पहिल्यापासून अबोल. तेव्हा दोघांचे मीच सांगतो.

आमचा जन्म याच खोलीच्या दारात झाला. कांदेवाले काका आणि काकू नवा संसार घेऊन इथे राहायला आले, तेव्हा काकूंच्या सुतार भावाने दाराला नवी चौकट बसवली. उरलेल्या लाकडातून त्याने आम्हाला कापले, एका अंगाला उतार दिला, रंधा मारला आणि आम्हाला काकांच्या हातात ठेवले. "दाजी, गाडीच्या चाकांना लावा. हत्तीने ढकलली तरी हलायची नाही," तो म्हणाला. म्हणजे दाराची चौकट ही आमची थोरली बहीण. आमचे घराणेच मुळी जागच्या जागी उभे राहणाऱ्यांचे!

काकांची चार चाकांची हातगाडी होती. तिच्यावर एका बाजूला कांदे, दुसऱ्या बाजूला बटाटे. आमच्या रस्त्याच्या खालच्या टोकाला दवाखाना, वरच्या टोकाला शाळा, आणि मधला सगळा चढ. गाडी लागायची ती दवाखान्यासमोरच्या सपाट जागी. सकाळी काका आम्हाला मागच्या चाकांखाली सरकवत, वरून टाचेचा एक ठोसा देत आणि निवांत स्टुलावर बसत. ती टाच मला पाठ झाली होती. कडक, भेगाळलेली, आणि मनाने अगदी मऊ. टाचेला मन असते का, असे विचारू नका. मी तिच्या शेजारी आयुष्य काढले आहे.

"हे माझे दोन नोकर," काका गिऱ्हाइकांना सांगत. "पगार मागत नाहीत, रजा मागत नाहीत, उलट उत्तर देत नाहीत."

"तिसरं कोण आहे तसं, तेही सांगा," काकू कांदे निवडता निवडता म्हणत, आणि गिऱ्हाइके हसत.

चाकाखाली अंधार असतो, रबराचा वास असतो, आणि वरून दिवसभर कांद्याची सालपटे पडत राहतात. तुम्हाला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण अख्ख्या गाडीचा भार अंगावर घेऊन स्वस्थ पडून राहण्यात काय सुख आहे, ते ज्याने घेतले त्यालाच कळते. माझ्यामुळे एक माणूस स्टुलावर बसू शकत होता. आणखी काय हवे?

मग एके दिवशी कोपऱ्यावर नियमांचा फलक लागला.

खोटे कशाला बोलू, तो काही उगाच लागला नव्हता. आमच्या गाडीशेजारी दुसरी आली, दुसरीशेजारी तिसरी, आणि फुटपाथवर पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणीतरी तक्रार केली. फलकावर लिहिले होते की दवाखान्यापासून आणि शाळेपासून ठरावीक अंतरात कुणी विक्री करू नये. हे अंतर दोन्ही बाजूंनी सोडल्यावर आमच्या वाट्याला काय उरले? मधला चढ! पुढे लिहिले होते की फिरता परवाना असलेल्याने फिरत राहावे, गिऱ्हाइकापुरतेच थांबावे. आणि सगळ्यांत शेवटी माझ्या वर्मावर घाव होता. चाकाला अडसर लावलेली गाडी उभी आहे असे समजून ती जप्त करण्यात येईल.

अडसर म्हणजे मी. म्हणजे आम्ही दोघे. रात्रीत आम्ही गुन्हेगार झालो.

त्या नियमांची अंमलबजावणी करायला एक निरीक्षक साहेब येत. माणूस वाईट नव्हता. खिशात टेप, डोक्याला घाम आणि बोलणे थोडके.

"काका, ठोकळे काढा. तुमची गाडी उचलून न्यायला मला आवडत नाही."

"साहेब, उतार आहे. गाडी पळेल."

"फिरता परवाना आहे ना तुमचा? मग फिरा."

"फिरतोच की. गिऱ्हाईक आलं की थांबतो."

"आत्ता कुठंय गिऱ्हाईक?"

"येतंय," काका म्हणाले आणि चढाकडे बघत राहिले.

काकांनी आम्हाला उचलले, फडक्याने पुसले आणि दांड्याला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. आमच्या जागी त्यांनी आपला उजवा पाय लावला. टाच चाकाखाली, बोटे जमिनीत रोवलेली. स्टूल घरी गेले, कारण पाय चाकाला लावून बसता येत नाही. आता गाडी थांबलेली नव्हती, फक्त काका थांबलेले होते, आणि माणसाच्या थांबण्याविषयी फलकावर काही लिहिलेले नव्हते.

डब्याला एक भोक होते. त्यातून मी तो पाय दिवसभर बघायचो. माझे काम तो करत होता. मी लाकूड आहे, मला दुखत नाही. त्याला दुखत होते. संध्याकाळपर्यंत तो फुगायचा, चप्पल त्याला पुरायची नाही. काकू घरी गरम पाण्यात मीठ टाकून तो शेकायच्या आणि फलक लावणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मी डब्यात बसून मनाशी एकच धोशा लावायचो, एकदा, फक्त एकदा मला त्या चाकाखाली जाऊ द्या. त्या पायाला बसू द्या.

काकूंनी एकदा शक्कल लढवली. चांगला दणकट बटाटा निवडला आणि चाकाखाली ठेवला. नेमके साहेब आले.

"हे काय?"

"बटाटा," काकू म्हणाल्या.

"ते दिसतंय. चाकाखाली काय करतोय?"

"पडला असेल बाई. हल्ली बटाट्यांना पाय फुटलेत."

साहेबांनी तोंड फिरवले. हसू दाबायला असावे. "नियमात बटाट्याचं काही नाही," ते म्हणाले, "पण उद्यापासून पडू देऊ नका." त्यांची पाठ वळते न वळते तोच बटाट्याचा चक्काचूर झाला. माझी जागा कुणीही घेऊ शकत नाही, हे मी तेव्हाच सांगितले असते, पण मला विचारतो कोण!

त्याच चढावरून रोज पोस्टातल्या बाई जात. त्या चाकांच्या खुर्चीतून ये-जा करत. फुटपाथ मोकळा झाल्यापासून त्यांना वाहनांतून वाट काढावी लागत नव्हती. एक दिवस कांदे घेता घेता त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला सांगितलेलं बरं. ती तक्रार मी केली होती. तुमच्या गाड्यांमुळं मला रस्त्यावर उतरावं लागायचं. दोनदा बस अगदी घासून गेली."

मला वाटले, आता काका चिडतील. मी तर डब्यात धुमसत होतो. काकांनी मोकळ्या फुटपाथकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, बाई. आम्हीच बघायला पाहिजे होतं." आणि त्यांनी कांदे अंमळ जास्तच टाकले. बाईंची नजर तेवढ्यात खाली गेली. चाकाखालचा पाय त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

पुढे एका दुपारी, काकू घरी गेलेल्या असताना, बाई अशाच गाडीपाशी थांबल्या होत्या, आणि त्यांच्या खुर्चीचा ब्रेक खट्‌कन तुटला. खुर्ची मागे सरकू लागली. बाईंनी दोन्ही हातांनी चाके धरली. "काका, ब्रेक गेला," त्या दात आवळून म्हणाल्या. "मला फार वेळ धरवणार नाही." खालच्या चौकातून बस वळत होती.

काकांनी डब्यात हात घातला आणि मी उजेडात आलो. पण बाईंच्या खुर्चीपर्यंत पोहोचायचे तर दोन पावले टाकायला हवी होती, आणि चाकाखालचा पाय काढल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हते. काकांनी गाडीकडे एकदा पाहिले. सगळी कमाई तिच्यावर होती. मग त्यांनी पाय काढला, वाकले आणि मला खुर्चीच्या चाकाखाली सारून वरून टाचेचा ठोसा दिला. तोच जुना ठोसा! खुर्ची जागच्या जागी थांबली. मी गच्च बसलो. असा मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो.

गाडी मात्र गेली. काकांनी पाय काढतानाच ती त्याला हिसका देऊन सुटली, खडखडत उतारावरून धावली आणि दिव्याच्या खांबावर आदळून उलटली. नशिबाने वाटेत कुणी नव्हते. कांदे आणि बटाटे थेट दवाखान्याच्या फाटकापर्यंत घरंगळत गेले. काका फुटपाथवर पाय धरून खाली बसले होते.

साहेब धावत आले. त्यांनी उलटलेली गाडी पाहिली, बसलेले काका पाहिले, आणि खुर्चीच्या चाकाखाली मला पाहिले.

"बघता काय साहेब?" बाई कडाडल्या. "चाकाला अडसर लावलाय. करा माझी खुर्ची जप्त!"

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "नियम मी केलेला नाही, बाई. बदलतात ती कचेरी वेगळी आहे. सुनावणी असते तिथं. चला, मी येतो तुमच्याबरोबर." एवढे बोलून ते खाली वाकले आणि कांदे गोळा करू लागले.

सुनावणीला बाई गेल्या, साहेब गेले, काकू गेल्या. काकूंच्या पिशवीत आम्ही दोघे होतो, पुरावा म्हणून! बाईंनी सांगितले की फुटपाथ मला हवाच आहे, आणि कांदेवाल्यांनाही उभे राहायला जागा हवी आहे, तेव्हा तुम्ही टेप घेऊन या आणि माझी खुर्ची मोजा. बऱ्याच खेपा झाल्या. अखेर चढावर भिंतीच्या कडेला पांढऱ्या रंगाचे चौकोन आखले गेले, खुर्ची सुखाने जाईल एवढी वाट सोडून. फलकावर नवी ओळ आली. उतारावरील गाडीच्या चाकांना अडसर लावणे बंधनकारक राहील.

ऐकलेत ना, मित्रांनो? बंधनकारक! कालपर्यंत ज्याला पाहून गाडी उचलून नेत होते, तो आज नसला तर दंड! मी मनात इतका फुगलो की चाकाखाली मावेनासा झालो.

पहिल्या सकाळी काकांनी आम्हाला आमच्या जागी बसवले आणि ते लंगडत स्टुलावर टेकले. थोड्या वेळाने पाहतो तर काय, त्यांचा उजवा पाय हळूच पुढे आला आणि चाकाला, माझ्या अगदी शेजारी, टाच लावून बसला.

"अहो, काढा तो पाय," काकू म्हणाल्या. "आता ठोकळे आहेत ना!"

"राहू दे गं. त्याला सवय झालीये."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. अंगावर गाडीचा भार आणि कुशीला ती टाच. पण एका हिवाळ्यापुरतेच ते सुख आमच्या वाट्याला होते. गाडी सुटताना बसलेला हिसका आणि त्याआधीची ती वर्षे पायाने मनावर घेतली होती. डॉक्टरांनी सांगितले की आता उभे राहणे नाही, चालणे बेताचे, आणि झोपताना पायथ्याची बाजू उंच हवी. परवाना काकूंच्या नावावर झाला.

काकू खाटेखाली ठेवायला दोन विटा घेऊन आल्या, तेव्हा काका म्हणाले, "विटा गाडीला लाव. ते दोघं माझ्याजवळ राहू देत."

म्हणून मी इथे आहे. माझ्या चौकोनात, माझ्या चाकाखाली आता एक वीट बसते. तिचा मला मत्सर वाटतो, हे मी लपवत नाही. मित्रांनो, रस्त्याच्या कडेला कुणाकडून काही घ्यायला थांबलात, तर मालाकडे बघून झाल्यावर जरा खाली त्या माणसाच्या पायांकडेही बघा. त्याला टेकायला जागा आहे का, आणि मागून येणाऱ्याला जायला वाट आहे का, हे दोन्ही बघा. आम्हाला ते बघायला फार उशीर झाला.

संध्याकाळी काकू घरी येतात, पिशवी ठेवतात, आणि काका रोज एकच विचारतात.

"गाडी सरकली नाही ना गं?"

"नाही हो. वीट चांगली आहे."

काका मान हलवतात आणि डोळे मिटतात. मग त्यांना झोप लागते, आणि अंथरुणात त्यांचा उजवा पाय हळूच खाली सरकून खाटेच्या कडेला टाच रोवतो, चाक धरायला. खाटेच्या लाकडातून तो दाब माझ्यापर्यंत येतो. मीही खालून धरून ठेवतो. गाडी कुठेही जात नाही.