घामाची पेटी

मी घामाची पेटी बोलतेय. हसू नका! रेणापुरात मल्लिनाथ किराणावाल्यांच्या गच्चीवर बसते मी. बोअरचं खारं पाणी पोटात घेते, उन्हात तापून त्याची वाफ करते. ती वाफ माझ्या तिरप्या काचेला धरते आणि गोडं पाणी होऊन नळीतून तांब्यात उतरते. याला कुणी घाम म्हणतं का? पण इथं म्हणतात.

मला बनवलं मल्लिनाथांच्या मंजुश्रीनं. ती लातूरला इंजिनिअरिंग शिकते. नवी काच परवडेना, म्हणून जुन्या खिडकीची काच, टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आणि तळाला काळा रंग. हा सगळा खटाटोप तिच्या आजीसाठी, शांतम्मासाठी. बोअरच्या पाण्यानं आजीच्या गळ्यातल्या इष्टलिंगावर पांढरा थर चढायचा. रोज पूजेला बसली की ती तो नखानं खरवडायची आणि कष्टी व्हायची.

पण पहिल्याच दिवशी मंजुश्रीची जीभ घसरली. सोपं करून सांगायला गेली, "आज्जी, पेटीला घाम येतो बघ, त्योच तांब्यात पडतो."

"अय्यो शिवा! घामानं लिंगाला आंघोळ? न्हाई जमायचं!"

झालं! तेव्हापासून माझं हे नाव.

त्यात मी कामाला मंद. दिवसभर तापून अर्धा तांब्या. मंजुश्रीनं माझं तोंड दक्षिणेकडं केलं, आतलं पाणी कमी केलं, कडेनं बिस्किटपुड्यांची चमकी लावली. तरी पाऊणच तांब्या. मल्लिनाथ भडकले.

"कुरडया वाळवायला जागा न्हाई अन् हे धूड बसून राहिलंय! सोमवारी सांजेपर्यंत तांब्या भरला तर ठेव, न्हाईतर भंगारात."

भंगारात! माझी काच तडकायचीच राहिली.

सोमवारी सकाळी शांतम्मा वर आली. हातात नुकतीच धुतलेली काळी घोंगडी, फाटून फाटून हातभर उरलेली. तिला डोळ्यांनी कमी दिसतं. माझ्या काळ्या तळात पाणी आहे हे तिला काय कळणार? "हिच्यात ऊन लई हाय, वाळंल," म्हणत तिनं घोंगडी माझ्या पोटात पसरली आणि काचेचं झाकण लावून गेली. वाळायला! पाण्यात!

माझा नुसता संताप झाला. आधीच जीव टांगणीला, त्यात हे ओझं. पण लोकर पाणी पिऊन अशी तापली, की काचेवर थेंबांची रीघच लागली. सांजेला मल्लिनाथ वर आले, तेव्हा तांब्या भरून पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

मंजुश्रीनं झाकण उघडलं आणि नाचायलाच लागली. "काळ्या लोकरीत पाणी पातळ पसरलं, म्हणून झटझट वाफ झाली! अन् खर्च शून्य! आज्जी, ही घोंगडी कुणाची गं?"

"तुझ्या आजोबाची. वाळली का?"

सगळे हसले. शांतम्मा मात्र त्या ओल्या घोंगडीवरनं हात फिरवत राहिली.

"ही खांद्यावर टाकून तीस वर्सं रान राखलं त्यांनी. त्यांचाच घाम मुरलाय हिच्यात," ती म्हणाली. मग तिनं तांब्या उचलून पदराखाली घेतला. "कायकाचा घाम हाय, कष्ट हीच पूजा मानून गाळलेला. शिवाला चालतो."

दुसऱ्या दिवशी इष्टलिंगाला माझ्या पाण्यानं आंघोळ झाली. आता थर चढत नाही. त्या दिवशी मला रडू आलं; घरच्यांना वाटलं, पाणी आणखी वाढलं.

माझं एकच मागणं आहे, काच तेवढी रोज पुसत जा. आणि हो, शेजारची सरजाबाई जिना चढून येतेय, तिच्या हातात नवऱ्याचं घामट बनियन आहे. अहो, अडवा तिला कुणीतरी!