माझा कोपरा आणि बाबांचा अंगठा

मी डावी बोलतेय. मोटरसायकलच्या दोन्ही कुशींना प्लास्टिकचा जो गुळगुळीत अंगरखा असतो, ज्याला सगळे फेअरिंग म्हणतात, त्यातली डाव्या बाजूची मी. उजवी माझी जुळी बहीण. सध्या ती माझ्याशी बोलत नाही, कारण मी तिच्यापेक्षा जास्त चमकते. हे कसं झालं, तेच सांगते.

माझा जन्म साच्यातला. प्लास्टिकचे दाणे वितळवून लोखंडी साच्यात दाबले, साचा उघडला आणि मी बाहेर पडले. रडायलाही वेळ मिळाला नाही. मग अंगावर निळा रंग आला, त्यावर चकाकीसाठी लॅकर, आणि थेट दुकानाच्या काचेमागे उभं राहणं. तिथे येणारी माणसं आधी किंमत विचारायची, मग माझ्यात तोंड बघून केस सारखे करायची. आरशाचं काम मी पुष्कळ दिवस फुकट केलं.

एक दिवस एक मुलगी आली. तिने केस सारखे केले नाहीत. ती उकिडवी बसली, मला टिचकी मारली आणि विक्रेत्याला म्हणाली, "हे काढलं की आत काय दिसतं?" मी तिथेच तिची झाले.

घरी तिला ठिणगी म्हणतात. कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि नाकावर राग भाड्याने नाही, कायमचा राहायला आलेला. घरात आई, बाबा आणि ती. बाबांना सगळ्यातलं कळतं. ज्यातलं कळत नाही, त्यातलं जरा जास्त कळतं.

गाडी दारात आली त्याच दिवशी बाबांनी नियम सांगितला. "पडेल त्याची चावी कपाटात. एकदा पडलीस की विषय संपला."

"आणि नाही पडले तर?"

"दुचाकी आहे. माणूस कधीतरी पडणारच."

"मग नियम कशाला करता? तारीखच सांगून टाका," ठिणगी म्हणाली.

ती पडली नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला, माझ्यावर एक ओरखडा नाही. बाबा रोज संध्याकाळी गाडीभोवती फिरून मला न्याहाळत. मला वाटायचं, काळजीने बघतात. नंतर कळलं की नजर वेगळीच होती.

एका रविवारी ठिणगी पायीच मैत्रिणीकडे गेली होती आणि आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. बाबा अंगणात आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि गाडीवर बसले. हँडल धरलं. पाठ वाकवली. मग तोंडाने हळूच 'भुर्रर्र' केलं. खोटं सांगत नाही. त्यांचा गुडघा मला टेकलेला होता, मी सगळं जवळून ऐकलं.

तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण त्यांनी गाडी सरळ केली आणि पायाने स्टँड वर ढकललं. गाडीचं वजन डावीकडे कललं. बाबांचा पाय खडीवरून घसरला आणि गाडी सावकाश, एखाद्या लठ्ठ पाहुण्याने सतरंजीवर अंग टाकावं तशी, माझ्या अंगावर आडवी झाली. खाली पायरीची कड होती. मला वीतभर भेग गेली आणि खालचा कोपरा तुटून उडाला.

बाबांना काही झालं नाही. त्यांनी धापा टाकत गाडी उभी केली, माझं तोंड भिंतीकडे केलं, कोपरा उचलून खिशात टाकला आणि घरात गेले. त्या दिवशी त्यांनी कोणालाही सल्ला दिला नाही. आईला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सकाळी ठिणगीने गाडी भिंतीपासून काढली आणि तिला मी दिसले.

"मी पडले नाहीये," ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

बाबा चहाच्या कपात बघत म्हणाले, "मग काय, गाडीला झोप आली आणि ती आडवी झाली?" आणि त्यांनी हात पुढे केला. चावी कपाटात गेली.

हे साधं नव्हतं. पुढच्या सोमवारपासून ठिणगीला शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत उमेदवारी करायची होती. तिकडे सकाळची बस नव्हती. गाडी नाही, तर उमेदवारी नाही. ती बाबांसमोर उभी राहिली. "मी हिला घरीच दुरुस्त करते. पहिल्यासारखी झाली, तर चावी द्याल?"

"पहिल्यासारखी झाली तर बघू," बाबा म्हणाले. कोपरा त्यांच्याच खिशात होता, त्यामुळे आवाज जरा बसला होता.

ठिणगीने मला सोडवून मागच्या व्हरांड्यातल्या टेबलावर आणलं. साबणाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. भेग पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं, मग आतल्या बाजूने स्टीलची जाळी ठेवून सोल्डरिंगच्या गरम सळईने ती माझ्यात बुडवली. आधी गुदगुल्या, मग चटके. पण हात असा सरळ चालत होता की मी हूं की चूं केलं नाही. भेगेवर पॉलिशपेपर फिरला आणि मी पांढऱ्या भुकटीने माखले.

अडलं ते कोपऱ्यापाशी. जेवताना ती आईला सांगत होती, "शेवटचा स्क्रू त्या कोपऱ्यातच बसतो. तिथे नुसती पुट्टी भरली तर गाडीच्या थरथरीने गळून पडेल. सगळं अंगण शोधलं मी."

"मांजरीने नेला असेल," बाबा म्हणाले.

"मांजर प्लास्टिक खाते?"

"आजकालच्या मांजरींचं काय सांगावं."

तुम्ही विचाराल, मी व्हरांड्यात असताना हे मला कसं कळलं? अहो, माझा कोपरा बाबांच्या खिशातच होता. मी एकाच वेळी दोन खोल्यांत होते. त्या जेवणात बाबांचा हात तीनदा खिशाकडे आला आणि तीनदा मागे गेला, हेही मीच सांगू शकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठिणगी कॉलेजला गेलेली पाहून बाबा चोरपावलांनी माझ्याजवळ आले. हातात झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी. बेत सोपा होता: कोपरा चिकटवायचा आणि संध्याकाळी 'अरे वा, सापडला वाटतं' म्हणायचं. त्यांनी गोंद लावला, कोपरा जागेवर ठेवला आणि अंगठ्याने गच्च दाबून धरला. नळीवर तसंच लिहिलं होतं. पण माझ्या अंगावर भुकटी होती. भुकटीवर गोंद धरत नाही. कातडीवर मात्र फार छान धरतो.

बाबांनी हात उचलला. कोपरा अंगठ्यासकट वर आला.

ओढून पाहिला, हलवून पाहिला, त्याच्याशी हळू आवाजात बोलूनही पाहिलं. शेवटी हाताला रुमाल गुंडाळला.

रात्री ते जेवायला बसले ते चमचा घेऊन, डाव्या हातात.

"आज हे काय नवीन?" आईने विचारलं.

"दारात बोट सापडलं."

"दाखवा बघू."

"बरं आहे आता."

"बाबा," ठिणगी शांतपणे म्हणाली, "तुमचं बोट निळं पडलंय."

रुमालातून माझं टोक बाहेर डोकावत होतं. मीच जरा डोकावले म्हणा ना.

ठिणगीने रुमाल सोडला. अंगठा पाहिला, कोपरा पाहिला, बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ती फक्त म्हणाली, "झोप आली होती वाटतं गाडीला."

आईने तोंडाला पदर लावला. हसू लपवायला तो पुरला नाही.

"थिनर लाव आणि सोडव एकदाचं," बाबा म्हणाले.

"थिनरने प्लास्टिक विरघळेल. कोपरा जाईल."

"म्हणजे माझ्या अंगठ्यापेक्षा कोपरा महत्त्वाचा?"

यावर ठिणगीने इतका वेळ विचार केला की बाबा अस्वस्थ झाले.

मग कोमट साबणाच्या पाण्याचा वाडगा आला. बाबा त्यात अंगठा बुडवून बसले आणि ठिणगी दोऱ्याने गोंद केसभर-केसभर सोडवू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच बाबांना जागेवरून उठता येत नव्हतं.

"खरं सांगायला काय झालं होतं?" तिने मान वर न करता विचारलं. "माझी उमेदवारी जाणार होती."

"तुला रोज पडशील पडशील म्हणत होतो," बाबा म्हणाले. "आणि पडलो मी, तेही उभ्या गाडीवरून. कोणत्या तोंडाने सांगणार?"

"भुर्रर्र करणाऱ्या तोंडाने," आई म्हणाली. "गच्चीवर ऐकू येतं."

ठिणगी आईकडे वळली. "आणि तू गप्प बसलीस?"

"भुर्रर्र ऐकलं आणि मागच्या दोरीकडे गेले गं, पडल्याचं नाही ऐकलं. मला वाटलं, ह्यांचं पोट बिघडलंय."

कोपरा सुटला. ठिणगीने तो पुसला, मग कपाट उघडून स्वतःची चावी काढली आणि रिकामा हात बाबांपुढे धरला. "पडेल त्याची चावी कपाटात." बाबांनी एकदा आईकडे पाहिलं. तिकडून मदत येईना. त्यांनी आपल्या कारची चावी दिली.

नंतरचे दिवस मजेचे गेले. ठिणगीने कोपऱ्याची कड वितळवून तो माझ्यात सांधला, पुट्टी भरली आणि घासायला बाबांना बसवलं. "गोल नाही बाबा, सरळ. पाणी घ्या. इतका जोर नको, ती काय भांडी आहेत?" बाबा मुकाट घासत होते. मग रंगाखालचा प्रायमर, मग निळ्या रंगाचे पातळ थर. प्रत्येक थरानंतर ठिणगी बजावायची, "कोणी हात लावायचा नाही."

आता माणसांची एक खोड सांगते. ओला रंग दिसला की यांच्या बोटांना राहवत नाही. शेवटचा थर मारून ठिणगी हात धुवायला गेली आणि बाबा 'सुकला का' म्हणत वाकले. तोच अंगठा. कोपऱ्यावर शंखाच्या रेघांसकट ठसा उमटला.

ठिणगी आली. बाबा आधीच पॉलिशपेपर शोधायला लागले होते.

"राहू द्या," ती म्हणाली. "एवढे शिकलात आणि शेवटी अंगठाच उठवलात. कबुलीजबाब आहे तो, पुसायचा नाही." आणि तिने त्यावरच लॅकर मारलं.

सोमवारी सकाळी ठिणगीने गाडी सुरू केली. कारची चावी अजून कपाटातच असल्याने बाबा हेल्मेट घालून मागे बसले. त्यांचं ऑफिस वाटेवरच आहे. पहिल्या वळणावर ते म्हणाले, "हळू." दुसऱ्या वळणावर तेही गाडीबरोबर कलले. तिसऱ्यावर, वाऱ्यात, मला मागून अगदी हलकंसं 'भुर्रर्र' ऐकू आलं.

ठिणगीनेही ऐकलं असावं. तिने गाडी जरा जोरात सोडली.

आता मी उजवीपेक्षा नवी दिसते, त्याला माझा इलाज नाही. तिने बोलावं, एवढीच इच्छा आहे. आणि तुम्हाला एक विनवणी: कुठे ओला रंग दिसला, तर हात खिशात ठेवा. पण त्याआधी खिशात काय दडवलंय, ते बघून घ्या.