दोन वर्षांचं आगाऊ भाडं

अक्रा शहराच्या त्या चिखलाच्या गल्लीत निवडणुकीला उभा राहिलेला ओकाइफियो मतं मागायला आला. परवडणारी घरं, गटारं, पक्का रस्ता, सरकारचा पैसा कुठे जायला हवा यावर त्याने तासभर तोंडाची वाफ दवडली. डेडेई केंके, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे गोळे, विकता विकता ऐकत होती. तिचा घरमालक तोच होता.

"मावशी, मत मलाच ना?" त्याने विचारलं.

"देते की, मालक! पण दोन वर्षांचं भाडं आगाऊ घेऊन मगच तुम्ही खोलीची किल्ली दिलीत. तीच रीत इथे. आधी रस्ता, मग मत."

लोक खो खो हसले.

"अहो, आधी निवडून तर येऊ द्या!"

"मीही तेच म्हणाले होते," केंकेवरचं पान सोलत डेडेई म्हणाली, "आधी राहायला तर येऊ द्या."