कारणाचा रकाना

आमच्या इस्पितळाच्या वेबसाइटच्या सगळ्या सेटिंग्ज डेटाबेसमधल्या एकाच तक्त्यात आहेत. तो बनवणारे काका निवृत्त झाले, पण त्यांचा खडूसपणा मागे राहिला: कारण लिहिल्याशिवाय तिथला एक आकडाही बदलत नाही.

साहेब म्हणाले, "कुणी हात लावला नाही तरी नोंदणीचं पान चाळीस मिनिटं उघडं राहतं. ही काय धर्मशाळा आहे? दहा कर."

मी तक्ता उघडला. चाळीसपुढे काकांचं कारण होतं: "नोंदणीच्या मावशी टाइप करायचं थांबवून पेशंटचं रडगाणं ऐकून घेतात."

मावशी अजून तिथेच बसतात. तरी मी चाळीसचे दहा केले, कारणाच्या रकान्यात लिहिलं, "साहेबांनी सांगितलं."

तक्त्याने ते मुकाट्याने घेतलं. काकांनी घेतलं नसतं.